वळणावरची हजेरी

सहलीला मुलं मोजायची माझी एक पद्धत आहे. मी मोजत नाही, मुलंच स्वतःला मोजतात.

"डोकी मोजू नका, डोकी हलतात," असं मी नव्या शिक्षकांना सांगतो. प्रत्येक मुलाला एक आकडा द्यायचा, ओळीत उभं करायचं आणि ज्यानं त्यानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा. शाळेच्या फाटकाशी एकदा, पोचल्यावर एकदा आणि परत निघताना एकदा. तिन्ही वेळा शेवटचा आकडा मी खिशातल्या वहीत लिहितो. एकेचाळीस वर्षं भूगोल शिकवला, पण एकही मूल कुठे विसरून आलो नाही. निवृत्त झाल्यावरही शाळा मला सहलीला बोलावते ती बहुधा त्यामुळेच. वर्गात सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडून छड्या नाही, पण नकाशे भरपूर खाल्लेली मुलगी आता तिथेच वर्गशिक्षिका आहे. ती म्हणते, "सर, तुम्ही असलात की मला घाटातसुद्धा झोप लागते."

पाचवीची सहल दरवर्षी नदीच्या वळणावर जाते. हे वळण कसं आहे ते नीट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

नदी उत्तरेकडून सरळ येते. तांबड्या दगडाचा एक डोंगर तिच्या वाटेत आडवा आहे. तिथे ती डावीकडे वळते, डोंगराला जवळजवळ पूर्ण वळसा घालते आणि जिथून वळली त्या जागेच्या अगदी जवळ येऊन पुन्हा आपल्या वाटेला लागते. वरून पाहिलं तर घोड्याचा नाल. अलीकडच्या कड्यावर लोखंडी कठडा आहे, तिकिटाची खिडकी आहे, आणि दिवसभर लोक नदीकडे पाठ करून फोटो काढत असतात. समोर, नालाच्या पोटात, डोंगराची उभी भिंत आहे. ती थेट पाण्यात उतरते. तिथे काठ नाही, पायवाट नाही, शेळीला पाय टेकवायलाही जागा नाही. दुर्बिणीतून ती भिंत मी इतक्यांदा पाहिली आहे की डोळे मिटून तिच्या भेगा काढून दाखवीन.

त्या भिंतीमुळे वळणावर आवाज घुमतो. मुलांना प्रतिध्वनी शिकवायला याहून चांगली जागा नाही. इथून हाक मारायची आणि मनात सेकंद मोजायचे. दोन सेकंदांनी हाक परत येते. एक सेकंद जायला, एक यायला. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो, म्हणजे भिंत तीनशे चाळीस मीटरवर. फूटपट्टी न लावता नदीची रुंदी मोजली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

म्हणून वळणावरची हजेरी मी कठड्याशी घेतो. एकानं आकडा म्हणायचा, तो परत येईपर्यंत थांबायचं, मग पुढच्यानं म्हणायचं. वेळ लागतो, पण घाई कशाला? मुलं पुन्हा पाचवीत येणार नसतात.

त्या दिवशी ऊन कोवळं होतं. सकाळचे साडेदहा वाजले असतील. फाटकाशी शेवटचा आकडा चौतीस आला होता. पालकांच्या सहीच्या चिठ्ठ्या चौतीस, खाऊची पुडकी चौतीस. बसमध्ये छत्तीस जागा होत्या. चौतीस मुलं आणि आम्ही दोघं. बस भरली, म्हणून वर्गशिक्षिका खूश होती.

कठड्याशी हजेरी सुरू झाली. एक, आणि पलीकडून एक. दोन, आणि पलीकडून दोन. शेवटी सगळ्यात दांडगा मुलगा उभा होता. त्याला वर्ग ढोल म्हणतो आणि त्याला ते आवडतं. तो छाती फुगवून ओरडला, "चौतीस!"

मुलं हसली. दोन सेकंदांनी भिंतीनं चौतीस परत दिले. मी पेनाचं टोपण काढलं.

पलीकडून आवाज आला, "पस्तीस."

बारीक, स्वच्छ, मुलीचा आवाज. आमच्या ओळीतून कोणीही तोंड उघडलेलं नव्हतं. मी सवयीनं मनात मोजलं. एक. दोन.

ओळीच्या टोकाकडून, अलीकडून, तोच आवाज आला. "पस्तीस."

मी वळून पाहिलं. कठड्यावर हात ठेवून माझी नात उभी होती. भिंगरी. घरात आम्ही तिला याच नावानं हाक मारतो.

मी वहीत पस्तीस लिहिलं. "पस्तीस ना सर?" वर्गशिक्षिकेनं विचारलं. मी म्हणालो, "पस्तीस." त्या क्षणी मला काहीही वावगं वाटलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नंतर मला त्याचंच जास्त भय वाटलं.

ढोल मात्र म्हणाला, "सर, नदीनं आधी उत्तर सांगितलं! ही कॉपी झाली!"

"अरे, असं होत नाही," मी समजावू लागलो. "आधी येतो तो आवाज. नंतर येतो तो प्रतिध्वनी..." आणि तिथेच थांबलो. मुलं वाट बघत होती. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "चला, खाऊ."

एक पुडकं कमी पडलं. वर्गशिक्षिकेनं आपला डबा भिंगरीला दिला. परत निघताना पुन्हा पस्तीस आले. सगळी मुलं चढल्यावर मी बसमध्ये शिरलो, तर मला जागा नव्हती. पुढून मागे, मागून पुढे पाहिलं. प्रत्येक जागेवर कोणीतरी बसलेलं. ड्रायव्हर आरशातून माझी गंमत बघत होता.

"येताना बसला होतात ना सर? मग आता काय, बसनं सीट गिळली?"

"तसंच दिसतंय."

"या, इंजिनावर बसा. गरम आहे, पण हक्काचं आहे."

दीड तास मी इंजिनाच्या झाकणावर बसून आलो. समोरच्या आरशात मुलं दिसत होती. गात होती, भांडत होती, पेंगत होती. सगळी ओळखीची. प्रत्येकाचे आईवडील मला ठाऊक. मी त्या आरशात एकही परका चेहरा शोधू शकलो नाही.

संध्याकाळी वही उघडली. चौतीस, पस्तीस, पस्तीस. तिन्ही आकडे माझ्याच अक्षरात, एकाच पेनानं लिहिलेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. वर्गशिक्षिकेला म्हटलं, "पट काढ जरा."

तिनं काढला. पस्तीस नावं होती.

"पहिल्यापासून पस्तीसच आहेत, सर."

"मग चिठ्ठ्या चौतीस कशा?"

तिनं चिठ्ठ्या पटाशी लावून पाहिल्या. एकच चिठ्ठी नव्हती. भिंगरीची.

"घरचंच माणूस सोबत, म्हणून मी मागितलीच नसेल."

"आणि खाऊ?"

"तो मी मागवला होता. माझं गणित तुम्हाला माहीत आहे."

"आणि मी बसलो होतो ती सीट?"

ती हसली, पण जरा उशिरानं. "सर, तुम्ही दमला होतात. तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे कमालच झाली."

मी घरी आलो. वाटेत विचार करत होतो. सहलीत एक मूल कमी पडलं, तर काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. माणसं धावतात, फोन लागतात, पोलीस येतात. एक मूल जास्त झालं तर जायचं कोणाकडे? आणि सांगायचं काय? ते कोणाचं तरी आहे, पटावर आहे, त्याच्या दप्तराला हाक मारायचं नावसुद्धा शिवलेलं आहे.

आता माझ्या घराविषयी. आम्ही चौघं आहोत. मुलगा छपाईच्या कारखान्यात पाळीवर जातो. सूनबाई घरी शिवणकाम करतात. मी, आणि भिंगरी. दोन खोल्या आणि मागे न्हाणीघर. भिंगरी मला पाळण्यात आठवते. पहिलं पाऊल आठवतं. पडलेला दात हातात घेऊन आलेली आठवते. खोटं सांगत नाही, सगळं लख्ख आठवतं.

पण मी माणूस नकाशांचा. कुठलीही गोष्ट आठवली की ती कुठे होती, मी कुठे होतो, मधे किती अंतर होतं, हे मला आपोआप दिसतं. एका दुपारी मी या आठवणी एकेक करून तपासल्या. पाळणा खोलीच्या त्या टोकाला होता, मी दारात. पहिलं पाऊल तिनं रस्त्याच्या पलीकडे टाकलं. दात घेऊन आली ती फाटकाच्या पलीकडून. एकाही आठवणीत ती माझ्या जवळ नव्हती. मांडीवर तिचा भार कसा होता, ते मला आठवेना. लहान मूल मांडीवर झोपलं की पाय बधिर होतो. माझा पाय तिच्यामुळे कधी बधिर झाला नव्हता.

आणखी एक गोष्ट. ती आपणहून बोलत नसे.

"जेवलीस?" म्हटलं की, "जेवले."

"अभ्यास झाला?"

"झाला."

"येतेस बाजारात?"

"येते."

मुलं असंच तर बोलतात. पण मी पंधरा दिवस लक्ष ठेवलं. त्या पंधरा दिवसांत एकदाही तिनं संवाद सुरू केला नाही. कोणी काही म्हटलं की त्याचा शेवटचा तुकडा ती गोड हसून परत देई.

दाराच्या चौकटीवर तिची उंची मोजलेली पेन्सिलची रेघ आहे. एकच रेघ. शेजारी तारीख माझ्या अक्षरात. सहलीच्या संध्याकाळची. मी सूनबाईंना विचारलं, "आधीच्या रेघा कुठे गेल्या?"

"रंग दिला ना चौकटीला," त्या मशीन न थांबवता म्हणाल्या.

"कधी?"

मशीन थांबलं. "दिला असेल."

मग मी कपाट उघडलं. हे करायला नको होतं, पण एकेचाळीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो की उत्तर आलं तरी ताळा करून बघा. वरच्या कप्प्यात चादरींखाली एक फाईल होती. दवाखान्याची. ती पाहिली आणि मला ते दिवसही आठवले. मुलगा आणि सूनबाई महिन्यातून दोनदा शहरात तपासणीला जात. परत आल्यावर कोणी बोलत नसे. सात वर्षं. सूनबाई शेजारच्या बाळांसाठी अंगडी शिवत आणि देताना दारातूनच परत येत. शेवटचा कागद सहलीच्या तीन आठवडे आधीचा होता. त्यावर डॉक्टरांनी खाली एकच ओळ लिहिली होती. ती मी इथे लिहीत नाही.

दोन्ही आठवणी खऱ्या होत्या. पाळणाही खरा आणि फाईलही खरी. पण एका घरात दोन्ही मावत नव्हत्या.

मागे पाऊल वाजलं. सूनबाईंनी माझ्या हातातून फाईल घेतली. ओढली नाही, घेतली. ती पुन्हा चादरींखाली ठेवून चादर सारखी केली.

"बाबा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही शिक्षक आहात. पण सगळ्याच वह्या तपासायच्या नसतात."

"तुला ठाऊक आहे?"

"मला एवढंच ठाऊक आहे की सकाळी वेणी घालायला कोणीतरी समोर बसतं."

बाहेर भिंगरी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. सूनबाई पुन्हा मशीनवर बसल्या आणि गुणगुणू लागल्या. त्यांना या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्या गुणगुणतात हे मला आत्ता कळत होतं.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. रात्री झोप येईना, दिवसा वाचन होईना. भिंगरी शेजारी बसून चित्र रंगवायची आणि मी तिच्या मानेकडे बघत बसायचो. जिच्यावर जीव लावायचा ती कोण आहे, हे न कळता जीव कसा लावायचा? आणि कळलं आणि ते सोसवलं नाही तर? ताळा करायची जागा एकच होती. तिनं तिथे उभं राहून हाक मारायची. आधी तिची हाक आणि मग भिंतीची आली, तर ती तुमच्याआमच्यासारखी पोर आणि मी म्हातारा वेडा. नाही आली, तर... पुढचं मी ठरवलं नव्हतं. वर्गात असा अर्धवट प्रयोग मी कोणाला करू दिला नसता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी चपला घातल्या. "भिंगरे, फिरायला येतेस?"

"येते."

सूनबाई दारात आल्या. कुठे, असं त्यांनी विचारलं नाही. खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, एक सोडून पुन्हा बांधली. मग माझ्याकडे वर पाहिलं.

"दोघं परत या, बाबा." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "दोघं."

एसटीनं आम्ही वळणावर पोचलो, तेव्हा तिथे फारशी गर्दी नव्हती. खिडकीतली बाई मला ओळखते. तिकिटं देताना ती म्हणाली, "सर, आलात खरे, पण तुमचा प्रयोग काही आज व्हायचा नाही. आवाज घुमणं बंद झालंय."

"कधीपासून?"

"तुमच्या पोरांची बस येऊन गेली ना, त्यानंतर. लोक ओरडतात, काही परत येत नाही, मग आमच्याशी भांडतात. आवाज काय आम्ही खिशात घातलाय?"

"भिंत तर तिथेच आहे," मी म्हणालो.

"भिंत आहे हो. बघा ना." ती खिडकीतून वाकली आणि भिंगरीकडे पाहून हसली. "नात ना? गोड आहे. आजोबांसारखी नाही."

आम्ही कठड्याशी गेलो. खाली नदी वळत होती, नेहमीसारखी, हिरवी आणि संथ. समोर तांबडी भिंत. एका भेगेचीही जागा बदललेली नव्हती. मी हाताचा द्रोण करून ओरडलो, "एक!"

मनात मोजत राहिलो. दोन सेकंद. पाच. दहा.

माझा आवाज गेला तो गेलाच. तीनशे चाळीस मीटरवर दगडाची भिंत असताना आवाज असा नाहीसा होत नाही. काहीतरी तो घेत होतं आणि ठेवून घेत होतं. पलीकडे कोणीतरी तोंड मिटून, लक्षपूर्वक ऐकत असावं, तशी ती शांतता होती.

भिंगरी माझ्याकडे पाहत होती. तिचा एक हात कठड्यावर होता, त्या दिवशी होता तिथेच.

"तुझा आकडा आठवतो?" मी विचारलं.

"आठवतो."

"म्हणून दाखव. मोठ्यानं."

तिनं लगेच म्हटला नाही. नदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. गुणी मुलं न येणाऱ्या प्रश्नालाही उभी राहतात, तशी ती सरळ उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं तोंड उघडलं.

समोरच्या भिंतीवर काहीही हललं नाही. पण पाणी थांबलं.

संपूर्ण वळणभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नदी उभी राहिली. वाहून आलेली एक फांदी मधोमध जागच्या जागी होती.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिनं तो हटवला नाही. डोळे मोठे करून ती नुसती उभी राहिली. मी किती वेळ तसा होतो, ते मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं नाही.

खालची फांदी हळूच पुढे सरकली. मग नदी चालू लागली.

मी हात काढला.

"नको," मी म्हणालो. "राहू दे. चल घरी."

ती नको म्हणाली नाही. राहू दे म्हणाली नाही. घरी म्हणाली नाही. ती आपणहून, पहिल्यांदाच, बोलली.

"मग मी राहू?"

"राहा."

"खूप दिवस?"

"खूप वर्षं," मी म्हणालो. "आई वाट बघत असेल."

आम्ही पायऱ्या चढून वरच्या बाकावर टेकलो. चढून मला धाप लागली होती. मी तळहाताकडे पाहिलं. इतका वेळ एका मुलीच्या तोंडावर आणि नाकावर धरलेला हात. तो पूर्ण कोरडा होता. गार होता. ऊबही नव्हती, ओलही नव्हती. एकदाही त्यावर श्वास लागला नव्हता.

भिंगरी शेजारी बसून माझ्या छातीकडे पाहत होती. ती वर येताना बघत होती, खाली जाताना बघत होती. चेहऱ्यावर नवी कविता पाठ करताना असतो तसा भाव. मग तिनं आपले खांदे थोडे उचलले, आणि सोडले. पुन्हा उचलले. पहिल्या खेपेला वेळ चुकली, दुसऱ्या खेपेलाही.

मी माझा श्वास जरा सावकाश केला, तिला जमावं म्हणून.